आकाशी गिटारीवर कुठला क्लिअर मारावा?

खानापूरच्या एका मुलीने विचारलं आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. दादासाठी तिने गोव्याहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. मूळचा काळा चकचकीत रंग न काढता ३२० नंबरच्या पेपरने घासला, त्यावर गाडीच्या रंगाच्या स्प्रे कॅनने फिकट आकाशी मारला. त्यावर ॲक्रिलिक ट्यूबच्या रंगांनी बहाव्याचे घोस काढले आणि खाली सोनेरी मार्करने दादाचं नाव लिहिलं. आता वरून क्लिअर, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर, मारायचा राहिलाय. बेळगावातला रंगाचा दुकानदार म्हणतो, एनसी लॅकर घे. शेजारचा सुतार म्हणतो, मी दारांना मारतो तो डब्यातला पीयू (पॉलियुरेथेन) लाव. गॅरेजात काम करणारा मामा म्हणतो, टू-के, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचा क्लिअर, मार. "काका, तिघांतलं खरं कुणाचं? सोनेरी नाव पुसलं जाईल का? आणि भाऊबीजेपर्यंत गिटार दादाच्या हातात पडेल का?"

काका म्हणालीस म्हणून तुला 'तू'च म्हणतो. मी बेळगावच्या शहापुरात वडिलांच्या हाताखाली चपडी, म्हणजे लाखेचं, पॉलिश शिकलो, पुढे उद्यमबागेत गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षं काढली आणि आता मुख्यतः वाद्यांचं काम करतो. त्यामुळे तुझ्या दुकानदाराची, सुताराची आणि मामाची अशी तिघांचीही बाजू मला आतून ठाऊक आहे. तिघेही आपापल्या कामापुरते बरोबर बोलतायत. दुकानदाराच्या डोळ्यांपुढे कोरं लाकूड आहे, सुताराच्या डोळ्यांपुढे सागवानी दार, मामाच्या डोळ्यांपुढे गाडीचं बॉनेट. तुझी गिटार यातलं काहीच नाही. तिच्यावर एकावर एक चार वेगळ्या जातीचे थर आहेत आणि क्लिअरची गाठ त्या थरांशी पडणार आहे.

तुझ्या गिटारीला मामाचा टू-के योग्य, पण तो 'नॉन-यलोइंग', म्हणजे पिवळा न पडणारा, हवा, पहिले दोन हात धुक्यासारखे हलके हवेत, मारायचा गॅरेजात आणि मारायचा दसऱ्यानंतर. आता कारणं सांगतो, कारण ती कळली नाहीत तर ऐन वेळी कुणीतरी चौथा माणूस पाचवा डबा हातात देईल.

रंग दोन तऱ्हांनी वाळतात. एका तऱ्हेत आतला थिनर नुसता उडून जातो आणि मागे पापुद्रा राहतो. चपडी, एनसी लॅकर, कॅनमधला ॲक्रिलिक लॅकर हे सगळे या तऱ्हेचे. खडीसाखर पाण्यात पुन्हा विरघळते तसा यांच्यावर थिनर पडला की वाळलेला रंग पुन्हा मऊ होतो. म्हणूनच लॅकरचा दुसरा हात पहिल्यात मुरतो, दोन थर वेगळे राहत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत डब्यातल्या मालाची आपसात किंवा हवेशी रासायनिक क्रिया होऊन नवाच पदार्थ तयार होतो. टू-के, फर्निचरवर मारतात तो मेलामाइन, आपण ज्याला 'ऑइल पेंट' म्हणतो तो सिंथेटिक इनॅमल, हे या तऱ्हेचे. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसा हा रंग एकदा पक्का झाला की थिनरने विरघळत नाही. अशा थरावर पुढचा हात मुरत नाही, फक्त ओरखड्यांना धरून बसतो. म्हणून आधी घासावं लागतं. काळा रंग तू घासलास हे फार चांगलं केलंस. स्वस्त गिटारींचा कारखान्यातला रंग बहुतेक पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेन असतो, तो न घासता वर काही मारलं तर पुढे टिचकीसरशी निघून येतं.

या दोन टोकांच्या मधली अवस्था सगळ्यात घातक. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन वरून आत असा वाळतो. दोन दिवसांनी हाताला कोरडा लागतो, पण खाली कच्चा असतो. त्यावर लॅकर मारला की त्यातला कडक थिनर वरच्या सालीतून आत शिरतो, साल फुगते, फुगायला जागा मिळत नाही म्हणून दुमडते. दुधावरची साय बोटाने सरकवावी तशा सुरकुत्या पडतात.

हे मी स्वतः केलं आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ गिटार घेऊन आले. वडिलांनी ती घरीच ऑइल पेंटने रंगवली होती आणि ब्रशने त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. वडील गेल्यावर मुलाने सगळं तसंच ठेवून फक्त कडेचे टवके त्याच रंगाने भरले आणि ती माझ्याकडे चमक आणायला दिली. जुलै महिना होता. भरलेला रंग पाच दिवसांचा होता, बोट लावलं तर कोरडा. मी एनसी लॅकर मारला. पहिला हात छान बसला. दुसरा ओला हात मारून स्प्रे गन खाली ठेवली तेवढ्यात कडेने सुरकुत्या उठायला लागल्या आणि अर्ध्या मिनिटात त्या अक्षरांपर्यंत पोहोचल्या. सगळा रंग लाकडापर्यंत काढून गिटार मी पुन्हा रंगवून दिली, पण त्यांच्या वडिलांच्या हातचं अक्षर मला परत आणता आलं नाही. तेव्हापासून, खाली काय आहे ते तपासल्याशिवाय मी कुठलाच क्लिअर हातात घेत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

तेव्हा तूही आधी तपासणी कर. मानेचा सांधा जिथे बसतो तो खळगा, किंवा मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढल्यावर दिसणारी वायरिंगची पोकळी, तिच्या कडेला तुझ्या आकाशीचा फवारा उडालेला असेलच. कानात घालायची कापसाची काडी एनसी थिनरमध्ये बुडव, जराशी पिळ आणि त्या जागी दहा सेकंद टेकवून ठेव. आकाशी सरळ विरघळून कापसावर आला तर तुझा कॅन ॲक्रिलिक लॅकरचा. विरघळण्याऐवजी रंग फुगून कातड्यासारखा सुटला तर तो इनॅमल, आणि मग पुढचं सगळं वेळापत्रक बदलेल. काहीच झालं नाही तर तो पक्का झालेला आहे, चिंता नाही. कॅन फेकला नसशील तर त्यावरही लिहिलेलं असतं. इनॅमलच्या कॅनवर बहुधा 'एका तासाच्या आत किंवा इतक्या दिवसांनंतरच पुढचा हात' अशी सूचना असते. ती सूचना म्हणजे नेमकी वरची सुरकुत्यांची भानगड आहे. मधल्या काळात हात मारू नकोस असं कंपनी सांगत असते.

ॲक्रिलिक निघेल असं धरून पुढे लिहितो. गाड्यांच्या टच-अपचे कॅन बऱ्याचदा तसेच असतात.

आता दुकानदाराचा एनसी लॅकर. नायट्रोसेल्युलोज म्हणजे एनसी. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' नावाचा असाच लॅकर गाड्यांवर आला आणि रंग वाळायला लागणारे आठवडे काही तासांवर आले. गिटारवाल्यांनी तोच उचलला. फेंडरच्या जुन्या गिटारींच्या खास छटा तर गाड्यांच्या रंगपट्टीतूनच घेतलेल्या होत्या. साठीच्या दशकाच्या अखेरीस मोठे कारखाने जाड, चिवट पॉलिएस्टरकडे वळले, तरी जुन्या वाद्यांच्या शौकिनांना आजही एनसीच हवा असतो. तो पातळ बसतो, दुरुस्तीला सोपा असतो, वयाबरोबर त्याला एक उबदार झाक येते. मलाही तो आवडतो. कोऱ्या लाकडाची ध्वनिक गिटार माझ्याकडे आली तर मी एनसी किंवा चपडीच लावतो, कारण तिथे वरची फळी थरथरून आवाज देते आणि जाड क्लिअरने ती जखडते. तुझी गिटार इलेक्ट्रिक आहे, आवाज पिकअपमधून (तारांखालच्या चुंबकांतून) येणार, त्यामुळे थर किती जाड याची तेवढी फिकीर नाही.

पण तुझ्या गिटारीवर एनसी मला नको वाटतो. त्याची ती उबदार झाक म्हणजेच पिवळेपणा. आकाशीवर पिवळं चढलं की काय होतं ते तुला चित्र काढणारीला सांगायला नको. दोन-चार वर्षांत आभाळ हिरवट दिसायला लागेल. शिवाय त्याचा थिनर आकाशीही विरघळवतो आणि बहाव्याचं ॲक्रिलिकही मऊ करतो, म्हणजे ओला हात पडला की पाकळीची कड आभाळात पसरायची. तो घरात मारणार असशील तर आणखी एक गोष्ट: एनसी अतिशय ज्वालाग्राही आहे. स्वयंपाकघराच्या शेजारी, देवघरात समई पेटलेली असताना हा डबा उघडूसुद्धा नये.

सुताराच्या डब्यातल्या पीयूबद्दल थोडक्यात. एकाच डब्यात येणारा, ब्रशने मारायचा, वास तेलाचा, तो बहुतेक तेलाधारित असतो. सागवानावर पिवळसर झाक शोभते, तिथे तो उत्तम. तुझ्या रंगावर हिरवेपणा येईल, एनसीपेक्षाही लवकर. त्याने मेलामाइन सुचवला तर तोही घेऊ नकोस. मेलामाइनचा हार्डनर आम्ल असतो. सोनेरी मार्करमध्ये पितळेची भुकटी असेल तर आम्लाने ती काळवंडते.

राहिला टू-के. यात दोन डबे येतात, क्लिअर आणि हार्डनर. ठरलेल्या मापात मिसळले की काही तासांत वापरावेच लागतात. गाडीवरचा ॲक्रिलिक-पीयू क्लिअर उन्हात पिवळा पडू नये म्हणूनच बनवलेला असतो. लाकडासाठी मिळणारे काही स्वस्त टू-के पीयू मात्र पिवळे पडतात, म्हणून डब्यावर 'नॉन-यलोइंग' लिहिलेलं आहे का ते बघ किंवा सरळ गाडीचाच क्लिअर घे. तो वाळल्यावर घामाने, नखाने, पट्ट्याच्या बकलने सहज खराब होत नाही. मुख्य म्हणजे खाली पातळ रंगाचा थर आणि वर जाड क्लिअर ही जोडी गाड्यांच्या कामात रोजचीच आहे. गाडीच्या टाकीवर किंवा हेल्मेटवर चित्रं काढणारे कलाकारही ॲक्रिलिकवर टू-केच मारतात. त्यांची हातोटी इतकीच की पहिले हात ओले नसतात.

ती हातोटी नीट समजून घे, सगळं काम तिच्यावर आहे. टू-केमध्येही थिनर असतोच. एकदम ओला, भरगच्च हात मारला तर तो थिनर आकाशीत आणि बहाव्यात शिरायला भरपूर वेळ मिळतो. त्याऐवजी गन जरा लांब धरून फवारा नुसता भुरभुरायचा. पृष्ठभाग ओला दिसता कामा नये, थंडीतल्या सकाळी मोटारसायकलच्या टाकीवर दव पडतं तेवढंच. बराचसा थिनर वाटेतच उडून जातो आणि क्लिअरचे बारीक थेंब चित्रावर टेकून बसतात. दहा-पंधरा मिनिटांनी असाच दुसरा. या दोन हातांचं कवच बसलं की मग मध्यम हात, आणि शेवटी एक किंवा दोन ओले. मामाच्या हाताला गाडीचं पॅनल एकदम ओलं करायची सवय असणार, म्हणून हे त्याला आधीच सांग. मामा आहे म्हणून सांगायला संकोचू नकोस. पाहिजे तर त्याच्या शेजारी उभी राहा, पण मास्क लावून. त्या मास्कबद्दल पुढे सांगतो.

सोनेरी नाव. मार्कर तीन जातींचे मिळतात. पाण्याचे पेंट मार्कर वाळल्यावर बऱ्यापैकी टिकतात. तेलाचे पेंट मार्कर, ज्यांना झाकण काढताच थिनरचा वास येतो, ते थिनर लागला की ओघळतात. आणि साधे परमनंट मार्कर तर कुठल्याही क्लिअरमध्ये उतरतात, आजूबाजूला रंगाची सावली पसरते. तुझा कुठला ते ओळखायला, त्याच मार्करने एका प्लायच्या तुकड्यावर दोन अक्षरं लिही, दोन दिवस वाळू दे, मग एकावर ओला बोळा आणि दुसऱ्यावर थिनरचा बोळा हलकेच फिरव. गिटारीवरच्या नावावर हा प्रयोग करायचा नाही.

थिनरच्या बोळ्याने सोनं उतरलं आणि पाण्याच्या बोळ्याने नाही, तर नावावर आधी पाण्यातल्या ॲक्रिलिक ग्लॉस मीडियमचा एक थर दे. चित्रकलेच्या दुकानात मिळतो, ट्यूबच्या रंगात मिसळतात तोच. दोन भाग मीडियम, एक भाग पाणी, रुंद मऊ ब्रश, आणि एकाच दिशेने एकदाच हात. पुन्हा पुन्हा घोळवलंस तर फेस धरतो. थराची कड अक्षरांपाशी तोडू नकोस, बहाव्याच्या घोसाच्या बाहेरच्या रेषेपर्यंत ने, म्हणजे वरून क्लिअर बसल्यावर ती कड डोळ्यांना दिसणार नाही. त्याच दुकानात चित्रांवर मारायचं व्हार्निशही मिळतं, ते मात्र घेऊ नकोस. चित्र साफ करताना काढता यावं म्हणून त्यातली बरीचशी मुद्दाम टर्पेंटाइनमध्ये विरघळणारी केलेली असतात, आणि असा थर क्लिअरखाली ठेवणं म्हणजे भुसभुशीत मातीवर भिंत बांधणं.

कुणी तुला चपडीचाही सल्ला देईल, कारण खालच्या-वरच्या थरांना वेगळं ठेवायला चपडीसारखं दुसरं काही नाही असं आमच्या धंद्यात म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे. शेजारी मिरजेला सतार-तंबोऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चपडीचा हात फिरतोय, त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चपडी जवळजवळ कशालाही चिकटते आणि तिच्यावरही जवळजवळ काहीही चिकटतं. फक्त बाजारातल्या साध्या चपडीत मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही. म्हणून लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडी विरघळवून बरणी दोन-चार दिवस न हलवता ठेवायची आणि वरची निवळ तेवढी काढून घ्यायची. खाली गढूळ राहतं ते मेण. तुझ्या चित्रावर मात्र मी हे करणार नाही. वाळलेलं ॲक्रिलिक स्पिरिटनेही मऊ पडतं, आणि कापडाच्या बोळ्याने चपडी चढवताना पिवळा रंग बोळ्याबरोबर ओढला जाईल. ऑइल पेंटवर किंवा जुन्या, काय आहे ते न कळणाऱ्या रंगावर चपडी लावावी, ॲक्रिलिकच्या नाजूक चित्रावर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम: नमुना. ओळखीच्या सुताराकडून वहीएवढा प्लायचा तुकडा आण. त्यावर तू गिटारीवर जे केलंस ते सगळं त्याच क्रमाने कर. काळा रंग, ३२० चा पेपर, त्याच कॅनमधला आकाशी, त्याच ट्यूबमधला पिवळा आणि हिरवा, त्याच मार्करने एक शब्द. गिटारीवर थरांमध्ये जितके दिवस गेले तितकेच इथे जाऊ देत. घोसाचा रंग गिटारीवर जाड चढवला असशील तर इथेही तितकाच जाड चढव, कारण जाड ॲक्रिलिकच्या पोटात पाणी बरेच दिवस राहतं. मग मामाकडे दे आणि म्हण, पुढच्या गाडीला क्लिअर माराल तेव्हा शेवटी यावर पण मारा. अर्ध्या तुकड्यावर हलके हात आणि मग ओले, उरलेल्या अर्ध्यावर थेट ओला हात. फरक तुला स्वतःला दिसेल. आठ दिवसांनी कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकडी ओढ, चिकटपट्टी घट्ट दाबून झटकन उपट. पट्टीवर रंगाचे चौकोन आले तर कुठला थर सुटला ते रंगावरून कळेल. काळ्यावरून आकाशी सुटला तर घासणं कमी पडलं, चित्रावरून क्लिअर सुटला तर मीडियम नीट वाळलं नव्हतं. नमुना पास झाला की मगच गिटार पाठव.

गॅरेजात पाठवायचं म्हणतोय त्याला दोन कारणं. एक तर माल फार थोडा लागतो. गिटारीच्या अंगाला पुढून-मागून चार-पाच हात द्यायला तयार मिश्रण पाव लिटरच्या आसपास पुरतं, तेवढ्यासाठी क्लिअर-हार्डनरचा जोड विकत घेणं परवडत नाही. गाडीच्या कामाच्या शेवटी गिटार टांगली की झालं.

दुसरं कारण तुझी फुप्फुसं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा त्रास जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. माझ्याबरोबर शिकलेला एक जण याच कारणाने चाळिशीच्या आत हे काम सोडून बसला. नाकाला बांधलेला रुमाल, करोनातला कापडी मास्क, धुळीचा पांढरा मास्क यांतून हा वाफारा अडत नाही. गॅस-वाफेसाठीचं काडतूस लावलेला रबरी मास्क लागतो, आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असेल तर सगळ्यात चांगलं. मामालाही हे आवर्जून सांग. कित्येक गॅरेजांत अजून पोरं तोंडाला फडकं बांधून क्लिअर मारतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो.

गॅरेजातला एक धोकाही सांगतो. तिथे टायर आणि डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे फवारे असतात. त्याचा एक कण गिटारीवर बसला तरी क्लिअर त्या जागेभोवतून सरकतो आणि बारीक गोल खड्डे पडतात, त्यांना आम्ही माशाचे डोळे म्हणतो. गिटार घरून जुन्या सुती चादरीत गुंडाळून ने आणि क्लिअर मारायच्या क्षणापर्यंत उघडू नकोस. चित्राला हात लावू नकोस, हाताचं तेलही तेच करतं. त्याआधी मानेचा खळगा आणि पुलाच्या (ब्रिजच्या) खिळ्यांची भोकं मास्किंग टेपने बंद कर. खळग्यात रंगाचा थर चढला तर मान पुन्हा नीट बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर त्या कडेला पहिली चीर जाते.

गॅरेज जमलंच नाही तर? मग कॅनमधला ॲक्रिलिक क्लिअर, शक्यतो आकाशी ज्या कंपनीचा आहे त्याच कंपनीचा. तसेच धुक्यासारखे हात, पण संख्येने जास्त, दिवसाला तीन-चार करून तीन दिवस. दिसायला छान होईल, रंग पिवळा पडणार नाही. पण तो थिनरने विरघळणाऱ्या जातीचाच राहतो, म्हणजे मऊ. जिथे हात टेकतो तिथे वर्षभरात चमक जाईल. भिंतीवर टांगायची असती तर मी हाच सांगितला असता. दादा ती वाजवणार आहे, म्हणून गॅरेज.

आता हवा. तू लिहिलंस ते गणपतीच्या तोंडावर, आणि तुमच्याकडे खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते तुला मी काय सांगणार. ओल्या हवेत क्लिअरचं दोन तऱ्हांनी वाटोळं होतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर उतरतं आणि लॅकरवर दुधी झाक धरते. टू-केमध्ये आणखी वाईट: हार्डनर क्लिअरशी जुळायच्या ऐवजी पाण्याशी जुळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि क्लिअरमध्ये सुईच्या टोकाएवढे बुडबुडे अडकतात. हे बुडबुडे पॉलिशने जात नाहीत. आणि तुझ्या आकाशीतला थिनर, बहाव्यातलं पाणी हे सगळं या हवेत उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ घेतं. म्हणून आता घाई नको. गिटार आतल्या कोरड्या खोलीत, हवा खेळेल अशी टांगून ठेव. कौलारू घर असेल तर वर जुनं धोतर नाहीतर साडी ताणून बांध, कौलांतून बारीक माती गळत असते आणि ती मऊ रंगात रुतते. लाकडी कपाट असेल तर रंगाचा वास पूर्ण उतरल्यावर दार किलकिलं ठेवून आत ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लाव, गिटारीपासून हातभर लांब. हवा कोरडी राहते. एलईडीचा उपयोग नाही, त्याला ऊब नसते.

या दिवसांत नमुन्याचं काम उरकून घे. दसऱ्याआधी गॅरेजवाल्यांकडे गाड्यांची रीघ असते, खंडेनवमीला हत्यारांची पूजा, त्या दोन-तीन दिवसांत तुझ्या गिटारीकडे कुणी बघणार नाही. दसरा झाला की दोन दिवसांनी, एखादा कोरडा, ऊन पडलेला दिवस बघून दुपारी क्लिअर मारून घे. तिथून भाऊबीज जवळपास तीन आठवड्यांवर असते. एनसी असता तर तो तेवढ्यात कसाबसा कडक झाला असता. टू-के चार दिवसांत घासण्याजोगा होतो.

घासायचं पाण्यात भिजवलेल्या पेपरने: १००० ने सुरुवात, मग १५००, मग २०००. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाक. पेपर हाताने नाही, रबराच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून चालव, नाहीतर बोटांच्या रेषा उठतात. कडांवर १००० लावूच नकोस, तिथे थर पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत आकाशी उघडा पडतो. क्लिअरचे दोन ओले हात म्हणजे साधारण ५० मायक्रॉन, वहीच्या कागदाची अर्धी जाडी. इतकंच तुझ्या हाताशी आहे. घोसाच्या जागी चित्र उंचवट्यासारखं जाणवत असेल तर ते सपाट करायच्या मागे लागू नकोस. बहाव्याच्या पाकळ्या बोटाला लागल्या तर दादाला त्या हाताने काढल्यात हे कळेल. घासणीचं पांढरं पाणी निळसर दिसायला लागलं की तत्क्षणी थांब, क्लिअर संपला. शेवटी बारीक रबिंग कंपाउंड, मऊ कापड, आणि सावकाश.

क्लिअर मारल्यापासून आठ दिवस झाले की पिकअप, पूल, मान जोड. स्क्रू पिळण्याआधी प्रत्येक भोकाच्या तोंडाशी क्लिअर थोडा खरवडून काढ, नाहीतर स्क्रू फिरताना तो चांदणीसारखा तडकतो. फ्रेटबोर्डला, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीला, क्लिअर लावायचा नाही, तिथे फक्त थेंबभर तेल. गिटार स्टँडवर ठेवणार असाल तर निदान पहिले दोन महिने स्टँडच्या रबरावर सुती कापड गुंडाळून ठेवा. काही रबरांतून आणि पीव्हीसीतून बाहेर येणारं द्रव्य क्लिअरला चिकट करतं. एनसीला ते हमखास बाधतं, टू-केला क्वचितच, पण ताज्या थरावर मी तो धोका घेत नाही. आणि तुझ्या कापसाच्या काडीवर आकाशी विरघळण्याऐवजी कातड्यासारखा सुटला, तर यातलं काहीही करण्याआधी मला पुन्हा लिही.